नोटरीच्या कागदावरचे घर

गेल्या पावसाळ्यात वर्षावासाच्या निमित्ताने आम्ही घोटावड्यातल्या एका वस्तीत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन ठेवले होते. दर रविवारी एका घरी. तिसऱ्या रविवारी वाचन संपले, खीर वाटून झाली आणि ज्यांच्या घरी बसलो होतो त्या मावशी म्हणाल्या, "पोरांनो, शिकलेले आहात. जाता जाता माझ्या मागच्या भिंतीकडं एकदा बघा."

भिंत वरपासून खालपर्यंत चिरली होती. चिरेत बोट जात होते. भिंतीचा माथा बाहेर झुकला होता आणि तिच्या आतल्या अंगाला दोन नातवंडांची अंथरुणे होती. घर बांधून जेमतेम दीड वर्ष झालेले. ठेकेदाराने मटेरियलसकट सव्वाचार लाखांत काम घेतले, चार कोपऱ्यांना कॉलम देतो म्हणाला आणि दोनच दिले. फोन केला तर म्हणतो, "पाऊस जास्त झाला, त्याला मी काय करू?"

आम्ही विचारले, कागद काय आहेत? मावशींनी पत्र्याच्या पेटीतून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिच्यात दीड गुंठ्याचा नोटरी केलेला करारनामा होता, ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती होती, ठेकेदाराला पैसे दिल्याच्या वहीची दोन पाने होती आणि चार वर्षांपूर्वीचे एक गुळगुळीत रंगीत पत्रक होते. पत्रकावर हिरवळ, पांढरा बंगला, आणि खाली ठळक अक्षरांत ३० फुटी रस्ता, लाइट, पाणी. सातबारावर मावशींचे नाव नव्हते. खरेदीखत नव्हते.

परतताना आमच्यातच वाद झाला. एक साथी म्हणाला, "हे ग्राहक संरक्षण वगैरे मध्यमवर्गाचे उद्योग आहेत. फ्लॅटच्या पार्किंगसाठी भांडणाऱ्यांचे. आपल्या चळवळीने अत्याचार, आरक्षण, शिष्यवृत्ती सोडून याच्या मागे का लागायचे?" हा आक्षेप आम्ही अनेकदा ऐकला आहे. हा लेख त्याच्या उत्तरासाठी आहे. आमचे म्हणणे असे की घर घेणारा माणूस कायद्याच्या लेखी 'ग्राहक' ठरतो तो कागदाने, आणि आपल्या लोकांच्या हातात कागद पडणार नाही याची सोय या समाजाने फार आधीपासून करून ठेवली आहे. त्यामुळे ग्राहक कायद्याचा प्रश्न आपल्या बाबतीत पार्किंगचा नाही. तो जमिनीच्या आणि जातीच्या इतिहासाचा आहे.

सुरुवात बडोद्यापासून करू. १९१७ साली बाबासाहेब परदेशातले शिक्षण घेऊन सयाजीरावांच्या नोकरीत रुजू व्हायला बडोद्याला गेले. राहायला जागा नाही. हिंदू हॉटेलात जात विचारतील, म्हणून ते एका पारशी सराईत गेले. तिथल्या राखणदाराने सांगितले, ही फक्त पारशांसाठी आहे, वहीत नाव पारशीच पाहिजे. बाबासाहेबांनी पारशी नाव लिहू दिले आणि दिवसाला दीड रुपया ठरला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव जिन्यावर चढला आणि त्यांना बाहेर काढले. त्यांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे आणि आपल्यातल्या बहुतेकांनी ते वाचलेले आहे. पण ते आपण नेहमी अपमानाची गोष्ट म्हणून वाचतो. एकदा व्यवहाराची गोष्ट म्हणून वाचा. दर ठरला होता. पैसे दिले जात होते. राहणाऱ्याने काही मोडले नव्हते, कुणाला त्रास दिला नव्हता. आजच्या भाषेत तो पैसे मोजणारा ग्राहक होता. तरीही त्याला बाहेर काढता आले, कारण वहीतले नाव खरे नव्हते. आणि खरे नाव लिहिले असते तर वहीत जागाच मिळाली नसती.

(यात पारशी समाजाला वेगळे काढून दोष देण्याचा हेतू नाही. बडोद्यातल्या हिंदू आणि ख्रिस्ती ओळखीच्यांनीही त्या दिवशी दार उघडले नाही, हेही त्याच लिखाणात आहे.)

आता घोटावड्याला या. पौड रस्त्यावरच्या घोटावडे फाट्यावरून आत वळले की हा रस्ता गावातून पुढे माणकडे, हिंजवडीकडे जातो. एका टोकाला पिरंगुटचे कारखाने, दुसऱ्या टोकाला आयटी पार्क, मधे भातखाचरे, आणि आता भातखाचरांत चुन्याच्या फक्कीने आखलेले प्लॉट. मावशींचे कुटुंब मूळचे परभणीकडचे. त्या हिंजवडीत हाऊसकीपिंगला, मुलगा पिरंगुटच्या बाजूला कंपनीत कंत्राटी. दीड गुंठा घेण्याआधी सहा वर्षांत त्यांनी पाच खोल्या बदलल्या. दोन खोल्यांच्या मालकांनी आडनाव ऐकल्यावर "कालच दिली" असे सांगितले. एका ठिकाणी भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावल्यावर पुढच्या महिन्यात खोली रिकामी करायला लावली. "रोज उठून भाड्यानं अपमान घ्यायचा, त्यापेक्षा गुंठा घेतला," असे मावशी म्हणतात.

ही घाई समजून घेतली पाहिजे. आपली माणसे फसतात ती अडाणी आहेत म्हणून, असे आपल्यातलेच शिकलेले लोक पटकन म्हणून जातात. ज्याला भाड्याने घर सहज मिळते तो सहा महिने थांबून कागद तपासू शकतो, वकिलाला दाखवू शकतो, नाही पटले तर दुसरा प्लॉट बघू शकतो. ज्याला महिन्याअखेर खोली सोडायची आहे तो नोटरीच्या कागदावर सही करतो. दलाल हे ओळखून असतात. आणि ज्या सोसायट्यांचे कागद चोख असतात तिथली दारे कशी आहेत? २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की सहकारी सोसायटीला आपले सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा उपविधी करता येतो. सहकार कायदा आणि संघटना स्थापन करण्याचे स्वातंत्र्य यांचा आधार त्याला होता. अल्पसंख्य समाजाची जागा टिकवण्याचा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. पण ज्या देशात 'आपला समाज' म्हणजे व्यवहारात जात, तिथे या वाटेने कोण बाहेर राहणार हे सांगायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही.

जमिनीच्या कागदाचा मुळशीतला इतिहास बोलका आहे. १९२१ साली याच तालुक्यात टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांची नावे आपण शाळेत शिकलो. जे कमी सांगितले जाते ते असे की बुडणाऱ्या जमिनींपैकी बऱ्याच जमिनींची मालकी पुण्याच्या सावकारांकडे होती आणि कसणारा मावळा त्यांचे कूळ होता. सावकारांना मोबदल्यात रस होता, कुळाला जमिनीत. १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली पैसे कागदावरच्या नावाकडे जाणार होते. राहणारा एक, नावावाला दुसरा, हा या खोऱ्यातला जुना प्रकार आहे. मालक नसलेल्या कुळाची ही अवस्था, तर गावकुसाबाहेर वतनावर जगणाऱ्याचे काय?

महार वतन ही मालकी नव्हती. गावाची आणि सरकारची राबणूक करायची, त्या बदल्यात जमिनीचा तुकडा आणि बलुते. १८७४ च्या वतन कायद्याने या बांधिलकीला इंग्रजी शिक्का दिला. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, ते पार पडले नाही. वतने रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने. जमिनी सरकारजमा झाल्या आणि आकारणीच्या पटीत रक्कम भरून पुन्हा त्याच कुटुंबांना दिल्या गेल्या, पण नवीन शर्तीवर. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही. बिनशेतीसाठी विकायची तर बाजारभावाच्या निम्मा नजराणा.

ही शर्त लुबाडणुकीपासून वाचवण्यासाठी होती, आणि तिने काही जमिनी खरोखर वाचवल्या. ती सरसकट काढून टाका, असे आम्ही म्हणत नाही. पण तिची दुसरी बाजू अशी की वर्ग २ च्या जमिनीवर बँक हात आखडते, आणि गरजेच्या वेळी मालक दलालाच्या दारात जातो. दलाल खरेदीखत करत नाही. कुलमुखत्यारपत्र घेतो, वीस वर्षे थांबतो, भाव वाढले की मंत्रालयापर्यंत पोहोच असलेल्या गिऱ्हाइकाला देतो. २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्यातल्या मुंढव्याच्या सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार राज्यभर गाजला, चौकशा लागल्या. त्या गदारोळात मूळ वतनदार कुटुंबे कुठे होती, हे किती वाहिन्यांनी विचारले?

आता मावशींच्या दीड गुंठ्याकडे. त्याचे खरेदीखत का झाले नाही? विकणाऱ्याने सांगितलेले कारण अर्धे खरे होते. "गुंठ्यांचे खरेदीखत सरकार करू देत नाही." १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याप्रमाणे प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान शेतजमिनीचा तुकडा विकता येत नाही, म्हणून दुय्यम निबंधक दस्त नोंदवत नाही. म्हणून नोटरी.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण आपल्या चळवळीतही ती फारशी बोलली जात नाही. बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातल्या लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की जमिनीचा आकार लहान असणे हा मूळ रोग नाही. जमिनीवर जगणारी माणसे जास्त आहेत आणि त्यांच्याकडे भांडवल नाही, हा रोग आहे. त्यावर औषध औद्योगिकीकरणाचे. तुकडे सक्तीने जोडून शेती सुधारणार नाही. पुढे ऑक्टोबर १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात जमिनीचे तुकडे रोखणारे विधेयक आले तेव्हा ते त्याच्या विरोधात उभे राहिले. लहान तुकडेवाल्याला जमिनीवरून उठवून तुम्ही भूमिहीनांची संख्या वाढवाल, असा त्यांचा रोख होता. ते विधेयक त्या वेळी पार पडले नाही. वीस वर्षांनी, १९४७ साली, त्याच विचाराचा कायदा झाला.

कायद्याचा हेतू शेती वाचवण्याचा होता. पण शहराच्या कडेला त्याचे काय झाले ते घोटावड्यात, वाघोलीत, नऱ्ह्यात बघा. शेताचे तुकडे पडायचे थांबले नाहीत. फक्त ते तुकडे कागदाबाहेर पडले. मोठा बिल्डर चाळीस एकर घेतो, बिनशेती करतो, आराखडा मंजूर करतो, त्याला तुकडेबंदी आडवी येत नाही. आडवी येते ती दीड गुंठेवाल्याला. मग राज्य सरकार त्याला माफी देते. २००१ चा गुंठेवारी कायदा १ जानेवारी २००१ पूर्वीच्या बांधकामांसाठी होता. २०२१ साली ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत ओढली. २०२५ साली विधिमंडळात तुकडेबंदी सैल करण्याची घोषणा झाली. दर काही वर्षांनी गरिबाने शुल्क भरून आपले घर 'नियमित' करून घ्यायचे. विकणारा मात्र कोणत्याच यादीत नसतो.

ग्राहक कायद्याचा प्रवाह याच काळात दुसऱ्या बाजूने वाहत होता. महाराष्ट्र त्यात मागे नव्हता. मुंबईत फ्लॅट विकणाऱ्यांच्या बनवाबनवीला आळा घालायला १९६३ साली मालकी फ्लॅटचा कायदा झाला, आपण त्याला मोफा म्हणतो. जमिनीचे कागद दाखवा, मंजूर नकाशा दाखवा, आगाऊ रक्कम घेण्याआधी करार नोंदवा, सोसायटी करून द्या, अशी कलमे त्यात होती. ग्राहक पंचायत पुण्यातच, १९७४ साली, बिंदुमाधव जोशींनी सुरू केली. आमचे तिच्या वैचारिक घराण्याशी जमणारे नाही, पण ग्राहक म्हणून संघटित होता येते हे तिने दाखवले, ते नाकारण्यात अर्थ नाही. त्याआधी १९६२ साली अमेरिकेत केनेडींनी ग्राहकाचे चार हक्क सांगितले होते, त्यात पहिला सुरक्षिततेचा. १९८५ साली संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शक तत्त्वे आली आणि २४ डिसेंबर १९८६ ला आपला ग्राहक संरक्षण कायदा.

पण त्या कायद्यात घर नव्हते. बिल्डर म्हणत, घर ही स्थावर मालमत्ता, ती ना वस्तू ना सेवा, दिवाणी कोर्टात जा. १९९३ साली संसदेने 'सेवा'च्या व्याख्येत गृहबांधणी घातली, आणि त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की घर बांधून देणे ही सेवाच आहे, बांधणारे सरकारी प्राधिकरण असले तरीही. एवढेच नव्हे, तर अधिकाऱ्याच्या मनमानीमुळे भरपाई द्यावी लागली तर ती जनतेच्या तिजोरीतून का, त्या अधिकाऱ्याकडून वसूल करा. सरकारी बाबूला वैयक्तिक जबाबदार धरणारा हा निकाल आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ पाहिजे. घरकुल योजनांच्या कामात त्याचा धाक दाखवता येतो.

२०१६ चा रेरा कायदा आला आणि १ मे २०१७ पासून महारेरा सुरू झाले. कायदा चांगला आहे. घेतलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे. १० टक्क्यांपेक्षा जास्त घेण्याआधी करार नोंदवायचा. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा. जाहिरातीत खोटे सांगितले तर पैसे व्याजासह परत. पण तिसऱ्या कलमात एक खिडकी आहे. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा फ्लॅट आठच्या आत असतील तर नोंदणीची गरज नाही.

५०० चौरस मीटर म्हणजे किती? एक गुंठा १०१ चौरस मीटरचा. म्हणजे पाच गुंठ्यांनाही थोडे कमीच. मुंबईच्या संसदपटूला ही सूट किरकोळ वाटली असेल. आपल्या माणसाचे सगळे आयुष्य त्या सूटीच्या आत बसते.

ही सूट विकणाऱ्याच्या एकूण जमिनीला लागते, तुमच्या एका तुकड्याला नाही, हे नीट लक्षात घ्या. एका एकराचे वीस तुकडे पाडून विकणाऱ्याने नोंदणी केलीच पाहिजे. तो ती टाळतो. प्रत्येक तुकडा वेगळ्या नोटरीवर, वेगळ्या महिन्यात विकतो आणि त्याला 'प्रकल्प' म्हणतच नाही. फलकावर मात्र एकच चित्र, एकच नाव, एकच फोन. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीवर महारेरा क्रमांकाबरोबर क्यूआर कोड छापणे बंधनकारक आहे. घोटावडे फाट्यापासून आत येताना आम्ही मोबाइल हातात धरून फलक बघत आलो. काही फलकांवर कोड होता. बऱ्याच फलकांवर फक्त मोराचे आणि डोंगराचे चित्र होते. असे विनानोंदणीचे फलक दिसले की फोटो काढा, तारीख टाका. विनानोंदणी प्रकल्पाविरुद्धही महारेराकडे तक्रार करता येते.

इथे आमचा साथी पुन्हा म्हणाला, "म्हणजे मावशींना काहीच नाही ना?" तसे नाही. रेराची खिडकी बंद असली तरी ग्राहक आयोगाचे दार वेगळे आहे. २०२० साली इम्पेरिया स्ट्रक्चर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की रेरा असला तरी ग्राहक आयोगात जाण्याचा हक्क संपत नाही. आणि ठेकेदाराने पैसे घेऊन घर बांधून देणे ही सरळसरळ गृहबांधणीची सेवा. घर कुणाच्या सातबाऱ्यावर उभे आहे हा प्रश्न वेगळा, भिंत कुणी बांधली हा वेगळा. हे दोन प्रश्न आपण एकात कालवतो आणि मग घाबरून दोन्ही सोडून देतो. "कागदच कच्चा आहे, तक्रार केली तर आपलंच घर पाडतील," ही भीती मावशींच्या वस्तीत प्रत्येकाच्या तोंडी होती. ठेकेदारालाही ती माहीत होती. तिच्यावरच तो निवांत होता.

जमिनीच्या बाबतीत ते रंगीत पत्रक कामाचे निघाले. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली नार्ने कन्स्ट्रक्शनच्या खटल्यात सांगितले की रस्ते, पाणी, वीज देऊ असे आश्वासन देऊन प्लॉट विकणे ही सेवा आहे. नुसती जमीन जशी आहे तशी विकली, तर मात्र विकत घेणारा ग्राहक ठरत नाही, असेही दुसऱ्या निकालांत आहे. म्हणजे ग्राहक असणे नसणे त्या पत्रकावर टांगलेले. तुम्ही फक्त माती घेतली की आश्वासनासकट माती घेतली, याचा पुरावा म्हणजे तो कागद. आम्ही वस्तीत विचारले तेव्हा बहुतेकांनी पत्रके टाकून दिली होती. एका घरात त्याच पत्रकावर मसाला वाळत घातलेला. मावशींनी ते नातीला चित्र आवडले म्हणून जपले होते!

सुरक्षिततेचा मुद्दा याच जागी येतो. २९ जून २०१९ च्या पहाटे कोंढव्यात एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली. १५ माणसे गेली, बहुतेक बिहारमधून आलेली बांधकाम मजुरांची कुटुंबे. ४ एप्रिल २०१३ ला ठाण्याजवळ शिळफाट्याला बेकायदा इमारत पडली, ७४ मेली. ती इमारत काही महिन्यांत उभी केली होती आणि वरचे मजले चढत असताना खाली माणसे राहायला आणून ठेवली होती, कारण राहती इमारत पाडणे प्रशासनाला जड जाते. म्हणजे गरीब कुटुंब हे त्या बिल्डरचे संरक्षण होते. या दोन्ही ठिकाणी मेलेल्यांपैकी किती जण कायद्याच्या अर्थाने 'ग्राहक' होते? कोंढव्याचे मजूर तर दुसऱ्यांची घरे बांधायला आलेले. आपल्या अंगावर पडणाऱ्या भिंतीबद्दल त्यांना तक्रार करण्याचा फॉर्म नव्हता.

फ्लॅटवाल्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण आपल्यातली नोकरदार पिढी आता फ्लॅट घेऊ लागली आहे. भोगवटा प्रमाणपत्राशिवाय ताबा घेऊ नका. ते मिळाले नाही म्हणजे इमारत नकाशाप्रमाणे, राहण्याजोगी झाली आहे असे कुणी अधिकृतपणे म्हटलेले नाही. आणि ताबा आधीच घेऊन बसला असाल, वर्षे उलटली असतील, तरी हात टेकू नका. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईच्या समृद्धी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे प्रमाणपत्र न देणे ही चालू राहणारी चूक मानली आणि मुदत संपली हा बिल्डरचा बचाव नाकारला. एरवी ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे, ती मोजत बसण्यातच आपली माणसे हरतात.

मावशींच्या बाबतीत काय केले ते सांगतो. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. तक्रार क्रमांक मिळाला, ठेकेदार हलला नाही. मग एका ओळखीच्या सिव्हिल इंजिनिअर मुलाने, जो आपल्याच शिष्यवृत्तीवर शिकला, भिंतीची पाहणी करून दोन पानी अहवाल लिहिला. फोटोत चिरेजवळ मोजपट्टी धरली. वहीतली दोन पाने, मुलाच्या मोबाइलमधून ठेकेदाराला गेलेले पैसे, "कॉलम चार" असे ठेकेदाराने स्वतः पाठवलेला व्हॉट्सॲपचा निरोप, हे सगळे एकत्र लावले. रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. १५ दिवस वाट पाहून पुणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत, म्हणून शुल्क शून्य. वकील केला नाही, तो सक्तीचा नाही. तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, त्यामुळे ठेकेदार कुठल्या जिल्ह्याचा हा प्रश्न उरला नाही.

हे लिहायला सोपे वाटते. प्रत्यक्षात मावशींनी तीन वेळा "राहू दे" म्हटले. पहिल्यांदा ठेकेदाराच्या भावाने रस्त्यात अडवून "तुम्ही लोक लगेच केस करता" असे ऐकवल्यावर. 'तुम्ही लोक' म्हणजे कोण, हे त्यांना आणि आम्हाला कुणी समजावून सांगावे लागले नाही. भिंतीबद्दल विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला जातीवरून उत्तर मिळते, हेच आमच्या साथीच्या आक्षेपाला सर्वांत चांगले उत्तर होते. त्यानंतर तो स्वतः मावशींबरोबर आयोगात गेला.

जमिनीचा प्रश्न सुटलेला नाही आणि तो लवकर सुटेल असे आम्ही कुणाला सांगत नाही. नोटरीने मालकी मिळत नाही, कुलमुखत्यारपत्राने मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्पच्या खटल्यात ते शब्दांत मांडून ठेवले आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही कराची नोंद आहे, घरपट्टी भरल्याने कुणी मालक होत नाही. ज्यांनी अजून पैसे दिलेले नाहीत त्यांनी आधी सातबारा आणि सगळे फेरफार काढावेत. इतर हक्कात बोजा आहे का, भोगवटादार वर्ग कोणता, वतनाची शर्त आहे का ते बघावे. आणि वतनाची जमीन असेल तर मूळ कुटुंबाला जाऊन भेटावे. ते कुटुंब बहुतेक वेळा आपलेच निघते. विकणारा दलाल, घेणारा परभणीचा बौद्ध, आणि ज्याच्या आजोबांच्या वेठीतून ती जमीन आली तो मुळशीचा बौद्ध, दोघे एकमेकांना ओळखतही नाहीत, असे आम्ही दोन ठिकाणी पाहिले.

वस्तीत आता दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी वाचनानंतर अर्धा तास कागदांचा असतो. ज्याने त्याने आपली पिशवी घेऊन यायचे. आत्तापर्यंत अकरा घरांचे कागद स्कॅन करून झाले. दोन मुली सातबारा ऑनलाइन काढायला शिकल्या आहेत, त्यातली एक मावशींची नात.

मावशींच्या तक्रारीत ठेकेदाराला नोटीस गेली, पहिल्या तारखेला तो आला नाही, दुसऱ्याला वकील आला आणि मुदत मागून गेला. पुढची तारीख पावसाळ्याच्या तोंडाशी आहे. तोपर्यंत मागच्या भिंतीला बाहेरून चार टेकू लावले आहेत आणि नातवंडांची अंथरुणे पुढच्या खोलीत आणली आहेत.